चौकट : आधी कॉलेज की आधी शाळा?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जयेंद्रगंजसारख्या वस्तीत शिक्षणाचा विषय निघाला की शिंदेशाहीच्या संस्थांची नावे अभिमानाने घेतली जातात. तो अभिमान रास्तच आहे. व्हिक्टोरिया कॉलेज (आजचे महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय), १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी निघालेली आणि पुढे सिंधिया स्कूल म्हणून नावाजलेली किल्ल्यावरची शाळा, १९१८ चे माधव संगीत महाविद्यालय : या संस्थांनी उत्तम माणसे घडवली. अटलबिहारी वाजपेयी व्हिक्टोरिया कॉलेजचेच विद्यार्थी. पण समाज बदलतो तो पाया रुंदावल्याने. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड!

ग्वाल्हेर विस्ताराने मोठे, वस्ती विखुरलेली, तिथे हे कसे जमावे, असे कुणी म्हणेल. अडचण खरी आहे, पण सयाजीरावांनीही सुरुवात एका लहान भागापासूनच केली होती. जपानने तर १८७२ मध्ये, देश शेतीवर जगत असताना, गावोगाव शाळांचा हुकूम काढला. कॉलेजातूनच शिक्षक तयार होतात, हेही मान्य. मात्र त्या कॉलेजपर्यंत पोहोचणारी मुले गावच्या शाळेतूनच येतात. देशभर हा पाया रुंदावायला मात्र फार उशीर झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. शिक्षणहक्क कायदा देशात लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी.