मोडलेल्या सौद्याचे बारदान

धान्याच्या अडतीवर ज्यांनी उमेदवारी केली आहे, त्यांस बारदानाचा हिशेब काय असतो हे सांगावयास नको. माल भरण्यासाठी शंभर पोती उसनी आणावी, मालमोटार ठरवावी, आणि ऐन वेळी सौदा मोडावा! मोडलेल्या सौद्याची चर्चा पेढीवर दिवसभर चालते. पोत्यांचे मात्र कोणाच्या ध्यानात राहात नाही. मुनीमाने सौद्याची नोंद खोडली की तिच्याबरोबर पोत्यांचा उल्लेखही जातो. पोती कोठारात पडून राहतात. ना वापरात, ना परत केलेली. असे वर्षभर चालले तर कोठारात माल ठेवावयास जागा उरत नाही. संगणकातही असाच प्रकार घडतो. आता आमच्या बहुतेक पेढ्यांची बिले, साठा व येणे-देणे संगणकावरच असल्यामुळे, या प्रकाराचा परिचय बांधवांस करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

संगणकाच्या कामकाजाची सूत्रे ज्या प्रणालीच्या हाती असतात, तिच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. छपाईयंत्र, कॅमेरा, इंटरनेटची जोडणी अशा प्रत्येक उपकरणाशी बोलणारा कर्नेलमधील दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. त्यास काम करण्यासाठी मेमरीचा, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीचा, तुकडा लागतो. तो मागून घ्यावयाचा आणि काम होताच परत करावयाचा, असा दंडक आहे. परत करावयाचे राहिले की त्यास मेमरी लीक, म्हणजे स्मृतीची गळती, म्हणतात. साध्या प्रोग्रॅमची गळती तो बंद होताच बहुधा भरून निघते, कारण कर्नेल त्याचे सामान ताब्यात घेतो. कर्नेलवर मात्र दुसरा धनी नाही. त्याची स्वतःची गळती सामान्यतः यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत तशीच राहते.

एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. मोटारीतील निरनिराळी नियंत्रक यंत्रे ज्या पद्धतीने परस्परांशी बोलतात, ती ‘कॅन’ पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली पुढे आणली. ही तार यूएसबीच्या द्वारे संगणकास जोडणाऱ्या काही उपकरणांसाठी लिनक्स या प्रणालीत ‘जीएस-यूएसबी’ नावाचा ड्रायव्हर आहे. उपकरण चालू होताच येणाऱ्या संदेशांसाठी तो ३० मागणीपत्रे तयार करू लागतो. प्रत्येक पत्र मेमरीत घडवावयाचे, यादीत नोंदवावयाचे आणि यूएसबी विभागाकडे रवाना करावयाचे, असा क्रम. रवानगी नाकारली गेली तर ड्रायव्हर पत्राचे नाव यादीतून काढी, चूक झाल्याची सूचना देई आणि काम थांबवी. पत्र मात्र परत करीत नसे. नाव खोडले, पोते कोठारातच राहिले! २०१९ साली हा दोष दुरुस्त झाला, तो एका ओळीने. लिनक्सच्या ५.३.११ या आवृत्तीत ती ओळ आली. सुरक्षेच्या दोषांच्या जागतिक नोंदवहीत यास सीव्हीई-२०१९-१९०५२ हा क्रमांक मिळाला. कारण ज्यास अशी रवानगी वारंवार फसविता येईल, तो थोडी थोडी मेमरी अडवून अखेर यंत्र बंद पाडू शकतो.

गळतीने केवळ जागा अडते असे मात्र कोणी समजू नये. त्याच कर्नेलमध्ये किल्ल्यांचे जुडगे सांभाळणारा एक विभाग आहे. एखादे जुडगे किती जण वापरीत आहेत, याचा आकडा तो ठेवतो. एखाद्या प्रोग्रॅमने आपल्या जुडग्याच्या जागी तेच जुडगे पुन्हा मागितले की हा आकडा एकाने वाढे आणि कमी होत नसे. त्या आकड्यास ३२ बिटांचीच जागा होती. ४,२९,४९,६७,२९६ वेळा वाढल्यावर तो फिरून शून्यावर येई. शून्य दिसताच कर्नेल समजे की वापरणारा कोणी नाही, आणि वापरातील जागा मोकळी करून देई. तेथे आपला मजकूर घुसवून साध्या वापरकर्त्यास सर्वाधिकारी होता येते, हे पर्सेप्शन पॉइंट या संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये दाखविले. एवढी मोजणी पुरी करण्यास त्यांच्या यंत्रास सुमारे अर्धा तास लागला. दोष ३.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, तेथे होता. पुढे २०१७ साली कमाल मर्यादेस पोहोचताच थांबणारा, शून्यावर न फिरणारा गणक लिनक्समध्ये आला.

अशा गळत्या शोधण्याचे एक साधन, केमेमलीक, २००९ पासून लिनक्समध्ये आहे. ते चालू केले असता सामान्यतः दर दहा मिनिटांनी मेमरी तपासते आणि ज्या तुकड्याचा पत्ता कोठेही नोंदलेला सापडत नाही, तो बेवारस म्हणून दाखविते. कोठारात माल आहे पण वहीत त्याचे नाव नाही, असे सांगणारा हा तपासनीस होय.

आमच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार सांगितला आहे. ठेव ठेवणारा नेमकी संख्या विसरून कमी मागू लागला, तर ‘तेवढीच होती’ म्हणून उरलेली ठेवून घेणे, असा त्याचा अर्थ टीकाकार करतात. यंत्रास पाप लागत नाही, हे खरे. परंतु विसरलेली ठेव शिल्लकच असते आणि तिचा भार कोणावर तरी पडतो, हा विचार दोहोंकडे सारखाच लागू पडतो.

तेव्हा व्यापारी बांधवांस आमची विनंती अशी: संगणक व फोन यांच्या सुरक्षा-सुधारणा आल्या की त्या दुसऱ्या दिवसावर ढकलू नयेत. यंत्र रोज सायंकाळी मंदावत असेल तर ते बंद-चालू करण्याने तात्पुरती जागा मिळते, दोष जात नाही, जाणकारास दाखवावे. ज्या जुन्या फोनला सुधारणा मिळणे बंद झाले आहे, त्यावर बँकेचा व्यवहार ठेवू नये. दिवाळीस वहीपूजन करताना जमा-नावे आपण पाहतोच. त्याच दिवशी पेढीवरील यंत्रांच्या सुधारणाही पाहाव्या, म्हणजे नव्या वर्षाच्या कोठारात मोडलेल्या सौद्यांचे बारदान राहणार नाही.