नाकारलेल्या युद्धखेळाचे यश

१९८१ साली अमेरिकेतील अटारी कंपनीत काम करणाऱ्या क्रिस क्रॉफर्ड यांनी ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ हा संगणकीय युद्धखेळ रचला. तो विकण्यात कंपनीला सुरुवातीला रस नव्हता. अखेर वापरकर्त्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम टपालाने विकणाऱ्या ‘अटारी प्रोग्राम एक्स्चेंज’ या तिच्याच उपक्रमातून तो बाहेर पडला. समीक्षकांनी तो वाखाणला आणि ६०,०००हून अधिक प्रती खपल्या.

या यशाचे मर्म खेळाच्या रचनेत आहे. पडद्यावर नकाशा सफाईने सरकतो. खेळाडू विचार करत असतो तेव्हा संगणकही स्वस्थ बसत नाही. आपली चाल अधिकाधिक सुधारत राहतो. रशियावर चालून गेलेल्या जर्मन फौजा खेळाडूच्या हाती असतात. पण पुढे चिखल होतो, मग बर्फ पडते, आणि वेढल्या गेलेल्या तुकड्यांची रसद तुटते. १७६१चे पानिपत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको: उपाशी फौजेचे शौर्य फार काळ पुरत नाही.

शौर्यापेक्षा हिशेब शिकवणारा खेळ लोक विकत घेतील, हे कंपनीआधी ग्राहकांनीच ओळखले.