'स्वामी'चा लौकिक आणि आपला वाचक

रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८७ साली दूरदर्शन मालिकेमुळे ती घरोघर पोहोचली. पनवेलला मराठी शिकवताना मी पाहतो, की अभ्यासक्रमाबाहेरचे फारसे न वाचलेला विद्यार्थीही हे नाव जाणतो.

हा लौकिक कशामुळे टिकला? १७६१ च्या पानिपतानंतर सोळा वर्षांचा माधवराव पेशवा होतो, चुलत्याशी झगडतो आणि १७७२ साली थेऊरला क्षयाने मरतो. रमाबाई सती जाते. देसायांनी हे राजकारण घरातल्या भाषेत सांगितले. तहनामे न कळणाऱ्या वाचकालाही चुलत्या-पुतण्याचे भांडण आणि आजाऱ्याची उशाशी बसून केलेली सेवा कळते. तेव्हा हा लौकिक केवळ प्रस्थापित समीक्षेने लादलेला आहे, असे म्हणणे उथळपणाचे होईल.

परंतु हे घर कोणाचे? वर्गात एका मुलीने मला विचारले, "सर, ह्या वाड्यात आपलं कोण होतं?" कादंबरीची नजर वाड्याच्या आत आहे, आपली माणसे वेशीबाहेर होती. माधवरावाने रयतेला ओझी वाहायला लावणाऱ्या वेठीला आळा घातला, अशी नोंद ग्रँट डफच्या इतिहासात आहे. मात्र महारांच्या वतनी चाकरीचे जोखड कायम राहिले. ते मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ते प्रत्यक्षात सुटले १९५८ च्या कायद्याने. म्हणजे 'स्वामी' आली तेव्हा ही चाकरी अंगावर झेललेली माणसे हयात होती. तो काळ त्यांनी सुवर्णकाळ म्हणून कसा वाचावा? आणि रमाबाईच्या चितेला नुसती प्रेमाची परिसीमा कसे मानावे?

त्याआधी, १९५९ साली, अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' आली. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेल्या ह्या कादंबरीचा नायक मांग आहे. दुष्काळात उपाशी माणसांसाठी तो धान्य लुटतो, इंग्रज सत्तेशी झुंजतो. हाही इतिहासच आहे. फक्त तो मांगवाड्यातून पाहिलेला आहे.

'स्वामी' फेकून द्या, असे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचा, एवढेच सांगतो. ऐतिहासिक कादंबरीची थोरवी मोजताना तिने कोणाला रडवले याबरोबरच तिने कोणाला वगळले, हेही विचारले पाहिजे. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या वाचकाने शिक्षणातून मिळवला आहे.