हुगळीच्या काठावरून कृष्णवर्णीयांचा इतिहास

अमेरिकेत कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने 1926 साली सुरू केलेला एका आठवड्याचा उपक्रम 1976 पासून संपूर्ण फेब्रुवारी महिनाभर पाळला जाऊ लागला आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांचा इतिहास शाळेत स्वतंत्रपणे शिकवला पाहिजे, ही कल्पना तेथे हळूहळू रुजली. भारतीय वर्गात हा विषय बहुधा दुसऱ्याच्या कथेतील उपकथानक म्हणून येतो. एनसीईआरटीच्या वर्षानुवर्षे वापरात राहिलेल्या नववीच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांतीच्या ओघात वसाहतींतील गुलामगिरीच्या निर्मूलनाचा उल्लेख आहे, तर दहावीच्या पुस्तकात भारतातून कॅरिबियन बेटांवर गेलेल्या करारबद्ध मजुरांची माहिती आहे. मात्र पहिल्या घटनेमुळे मळ्यांवर जी जागा रिकामी झाली तीच दुसऱ्या घटनेने भरली, हे विद्यार्थ्याला स्वतःच ताडावे लागते. ही जागा भरणारी जहाजे मोठ्या संख्येने ज्या बंदरातून सुटली, ते कलकत्ता होते. म्हणून कोलकात्यातील शाळेला कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवताना अमेरिकेपासून आरंभ करण्याचे कारण नाही. हुगळीच्या घाटापासून आरंभ करता येतो, आणि इंटरनेटवर अलीकडे खुल्या झालेल्या दप्तरांमुळे तो आता पुराव्यानिशी करता येतो.

अशा तासासाठी सर्वांत उपयोगी साधन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 2013 साली खुले केलेले आहे. ब्रिटिश संसदेने 1833 साली कायदा करून आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी संपवली, तेव्हा भरपाई म्हणून 2 कोटी पौंड मंजूर केले. ही रक्कम गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना मिळाली. कोणी किती गुलामांसाठी किती पैसे मागितले आणि प्रत्यक्षात किती मिळाले, याच्या नोंदी या संगणकीय माहितीकोशात नावानिशी शोधता येतात. त्यात जॉन ग्लॅडस्टन हे नाव टाकले की, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा हा पिता अडीच हजारांहून अधिक माणसांचा मालक होता आणि त्याला एक लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली, हे पडद्यावर दिसते. याच ग्लॅडस्टनने 4 जानेवारी 1836 रोजी कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट आणि कंपनी या पेढीला पत्र लिहून डेमेरारा, म्हणजे आजच्या गयानातील आपल्या मळ्यांसाठी मजूर मागवले. पेढीने उत्तरात जे कळवले त्याचा आशय असा की, आपण कोठे जाणार आहोत आणि प्रवास किती लांबचा आहे, याची या माणसांना मुळीच कल्पना नसते. पत्रात ही गोष्ट अडचण म्हणून नव्हे, सोय म्हणून नोंदवलेली आहे. विद्यार्थ्यांनी ते पत्र वाचताना हा सूर ओळखला, तर अर्धा धडा तेथेच झाला. ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही दोन जहाजे जानेवारी 1838 मध्ये कलकत्त्याहून निघाली आणि मे महिन्यात गयानाला पोहोचली. कायद्याने मुक्त ठरलेल्या आफ्रिकी माणसांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी काही वर्षे जुन्याच मालकाकडे राबावे लागत होते, ही मुदत 1 ऑगस्ट 1838 रोजी, म्हणजे जहाजे पोहोचल्यावर जेमतेम तीन महिन्यांनी, संपली. मळेमालकाने पर्याय अगोदरच बंदरात आणून ठेवला होता.

गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी एकच होती, असे मात्र वर्गात सांगू नये. करारबद्ध मजूर, ज्याला आपल्याकडे गिरमिटिया म्हणतात, तो बहुधा पाच वर्षांसाठी एका मळ्याशी बांधला जाई आणि करार मोडला तर तुरुंगात जाई; पण त्याला वेतन होते, मुदत होती आणि त्याची मुले कोणाची मालमत्ता ठरत नव्हती. ब्रिटिश इतिहासकार ह्यू टिंकर यांनी 1974 साली आपल्या ग्रंथात या पद्धतीला गुलामगिरीचाच नवा अवतार ठरवले. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी ते मत जसेच्या तसे स्वीकारलेले नाही. हा वाद शिक्षकाने निकाली काढण्यापेक्षा विद्यार्थ्यांसमोर मूळ नोंदी ठेवणे अधिक फलदायी, आणि त्यासाठी दक्षिण अमेरिकेतील सुरिनामसारखे उदाहरण शोधून सापडणार नाही.

सुरिनाम ही डच वसाहत होती. तेथे 1 जुलै 1863 रोजी गुलामगिरी संपली, परंतु मुक्त झालेल्या प्रौढांना आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम करणे भाग होते. ती दहा वर्षे 1873 साली भरली आणि त्याच वर्षी ‘लाला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून सुरिनामला पहिले मजूर घेऊन गेले. 1916 पर्यंत 64 जहाजांतून सुमारे 34 हजार माणसे तिकडे गेली. (जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथही 1873 चाच, आणि तो कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केलेला आहे, पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात असताना हुगळीच्या मुखातून मुक्तांच्या जागी राबणारी माणसे बाहेर पडत होती, हा योगायोग मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये.) सुरिनाममधील 1830 ते 1863 या काळातील गुलामांच्या नोंदवह्या स्वयंसेवकांनी पानापानाने संगणकावर उतरवल्या आणि 2018 मध्ये त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या, भारतीय मजुरांच्या नोंदीही अशाच शोधता येतात.

ही दोन्ही दप्तरे शेजारी शेजारी उघडली म्हणजे माहितीपेक्षा रकानेच अधिक बोलू लागतात. मजुराच्या नोंदीत त्याचे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, ठाणे, जिल्हा, उंची आणि अंगावरील खूण असते. गुलामाच्या नोंदीत मालकाने वापरलेले नाव, मालकाचे नाव आणि बहुधा आईचे नाव असते. वडिलांचा रकाना नाही, आफ्रिकेतील गावाचा नाही आणि आडनावाचाही नाही, कारण आडनावे मुक्तीच्या वेळी लावली गेली. याचा परिणाम आजही टिकून आहे. सुरिनाममधील हिंदुस्तानी कुटुंबातील एखादी व्यक्ती पणजोबांचे गाव शोधत उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये येऊ शकते, तर तिच्या शेजारच्या आफ्रिकी वंशाच्या कुटुंबाला कागदोपत्री तो मार्गच उरलेला नाही. म्हणूनच, पडद्यावर नाव शोधण्याइतकेच महत्त्व ‘हा रकाना कोणी आखला आणि कोणता रकाना आखलाच नाही’ या प्रश्नाला द्यायला हवे. शाळेत प्रत्येकाला संगणक नसला तरी अडत नाही. शिक्षकाने दोन्ही प्रकारच्या वीस-वीस नोंदी कागदावर छापून आणल्या तरी हे काम होते. त्यानंतर वर्गाला कोलकात्यातील हुगळीकाठच्या सुरिनाम घाटावर नेता येते. तेथे गाठोडे घेऊन निघालेल्या स्त्रीपुरुषांचे शिल्प 2015 मध्ये उभारण्यात आले आहे.

कलकत्त्याचा संबंध केवळ माणसे पाठवण्यापुरता मर्यादित नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. 1780 साली येथे सुरू झालेले ‘हिकीज बेंगॉल गॅझेट’ हे वृत्तपत्र जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयामुळे आज पानोपान पाहता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या इंग्रजी वृत्तपत्रांत आफ्रिकी मुले विकण्याच्या आणि पळून गेलेल्या गुलामांना शोधण्याच्या जाहिराती येत असत. न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी 1785 साली ज्यूरीपुढील भाषणात, विकण्यासाठी आणलेल्या मुलांनी भरलेल्या होड्या नदीतून शहरात येतात, असे सांगितले होते. ती मुले प्रामुख्याने बंगालचीच होती. समुद्रमार्गे गुलाम बाहेर पाठवण्यास गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने 1789 मध्ये बंदी घातली, तर ब्रिटिश भारतातील न्यायालयांनी गुलामगिरीला मान्यता देऊ नये, हा कायदा 1843 साली झाला.

आफ्रिकी माणूस म्हणजे केवळ साखळदंडातील माणूस, अशी समजूत होऊ नये यासाठी बंगालमध्येच पुरावा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हबशी सरदारांनी काही वर्षे बंगालचे तख्त सांभाळले. त्यांच्यापैकी सैफुद्दीन फिरोजशहाच्या नावाचा मिनार मालदा जिल्ह्यातील गौड येथे उभा आहे. मराठी वाचकाला मलिक अंबर आणि त्याने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, आणलेला नहर येथे आठवेल.

अटलांटिक महासागरातील गुलामांच्या व्यापारासाठी ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ हा माहितीकोश सर्वमान्य आहे. त्यात 36 हजारांहून अधिक फेऱ्यांची नोंद असून, त्यावर आधारलेल्या अंदाजानुसार सुमारे 1 कोटी 25 लाख माणसे जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे 1 कोटी 7 लाख उतरली. वर्षनिहाय सरकणाऱ्या नकाशावर हे आकडे पाहताना विद्यार्थी थक्क होतात, परंतु ठिपके सरकताना पाहण्यात एक प्रकारची मौजही वाटू लागते आणि तेथे शिक्षकाने थांबले पाहिजे. डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या एका शैक्षणिक खेळात गुलामांची शरीरे ठोकळ्यांसारखी रचून जहाज भरायचे होते. 2015 साली त्याविरुद्ध इतका संताप उसळला की तो भाग काढून टाकावा लागला. विद्यार्थ्याचा सहभाग वाढवणारे प्रत्येक साधन त्याची समज वाढवतेच असे नाही.

करारबद्ध मजुरीविरुद्धचा लढा मराठी अभ्यासकाला गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे परिचित असतो. फेब्रुवारी 1910 मध्ये, राजधानी कलकत्त्यातच असताना, त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबवण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला आणि तो मंजूर झाला. संपूर्ण बंदीचा त्यांचा 1912 चा ठराव फेटाळला गेला आणि भरती प्रत्यक्षात 1917 साली थांबली. पण ही भारतीयांच्या बाजूची कथा झाली. गयानातील मुक्त झालेल्या आफ्रिकी मजुरांनी 1842 साली वेतनकपातीविरुद्ध संप केला, तेव्हा मळेमालकांना माघार घ्यावी लागली. मधल्या काळात थांबलेली मजुरांची जहाजे 1845 पासून कलकत्ता आणि मद्रासहून पुन्हा येऊ लागली. 1848 मध्ये आफ्रिकी मजुरांनी त्याच कारणासाठी पुन्हा संप पुकारला, पण तो मोडला, कारण या वेळी मळ्यांवर ऊस तोडायला बाहेरून आणलेली दुसरी माणसे हजर होती.