लीफ, पान आणि वरक

सातवीच्या वर्गात आम्ही रजेचा अर्ज लिहायला दिला होता. एका मुलीने ‘लीव्ह’च्या जागी ‘लीफ’ लिहिले, म्हणजे तिने दोन दिवसांच्या सुट्टीऐवजी दोन दिवसांचे पान मागितले! अर्ज मोठ्याने वाचला गेला, वर्ग हसला आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. त्यानंतर पंधरा दिवस त्या मुलीने इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही. मग तिची अम्मी शाळेत आली. म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी इंग्रजी कुणालाच येत नाही. हिच्याही नशिबात ती नसावी.”

ते ऐकून आम्हाला आमच्या हसण्याची लाज वाटली. चूक मुलीची कमी आणि शिकवण्याची जास्त होती. ‘लीफ म्हणजे पान’ एवढेच पाठ करून घेऊन आम्ही पुढे गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर तिची माफी मागितली आणि फळ्यावर तीन शब्द लिहिले : लीफ, पान, वरक. मुलांना विचारले, “या तिघांत सारखे काय?”

उत्तरे हळूहळू येऊ लागली. मराठीत पान झाडाचे असते, तसेच पुस्तकाचेही असते. अरबीतून उर्दूत आलेला ‘वरक’ही तसाच, झाडाचे पान आणि कागदाचे पान. सूरह अनआमच्या ५९व्या आयतीत झाडावरून गळणाऱ्या प्रत्येक पानाचीही अल्लाहला खबर असल्याचे सांगितले आहे. तिथला शब्द ‘वरकह’ हाच आहे. इंग्रजीतील ‘लीफ’लाही हेच दोन्ही अर्थ आहेत. म्हणून ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ म्हणजे झाडाचे पान उलटणे नव्हे, तर वहीचे नवे पान उघडणे, जुन्या सवयी सोडून नव्याने सुरुवात करणे.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ‘लीफ’ला दोन बाजू असतात आणि त्यातील एक बाजू म्हणजे ‘पेज’. उर्दूत हाच फरक वरक आणि सफहा यांत आहे. म्हणजे पन्नास वरकांच्या वहीत शंभर सफहे होतात.

इतक्यात तीच मुलगी हळूच म्हणाली, “आमची दादी ईदच्या मिठाईला वर्ख लावते.” आम्ही म्हणालो, “शाब्बास! वर्ख हा वरकच आहे.” चांदी ठोकून ठोकून पानासारखी पातळ करतात, म्हणून तो वर्ख. इंग्रजीत त्यालाच ‘सिल्व्हर लीफ’ म्हणतात. टेबलाची उघडमिट करता येणारी फळी आणि दाराचे एक दारही इंग्रजीत ‘लीफ’च. ट्रकखाली एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांना ‘लीफ स्प्रिंग’ म्हणतात. जे पातळ आणि पसरट, ते पान! आणि झाडावरची सगळी पाने मिळून जो पाला होतो, त्याला इंग्रजीत ‘फोलिएज’ असा वेगळा शब्द आहे.

आता राहिली ‘लीव्ह’. एका पानाला ‘लीफ’, अनेक पानांना ‘लीव्ह्ज’. आणि ‘तो घर सोडतो’ हे सांगतानाही ‘ही लीव्ह्ज होम’. लिहिणे सारखे, उच्चारही सारखा, पण दोघांचे मूळ वेगळे. रजा या अर्थाचा ‘लीव्ह’ तर तिसऱ्याच मुळातून आला आहे. त्याचा जुना अर्थ परवानगी. गंमत अशी, की आपल्या मराठीतील ‘रजा’ हा शब्दही अरबी ‘रिजा’वरून आला, ज्याचा अर्थ राजीखुशी, संमती. ‘रुखसत’चेही तसेच, मूळ अर्थ मुभा आणि वापर सुट्टीसाठी. मोठ्यांनी परवानगी दिली, तर सुट्टी. तीन भाषांतील माणसांनी एकसारखाच विचार केला!

त्या दिवशी घंटा झाली तरी मुले उठायला तयार नव्हती. त्या मुलीने जाताना नवा अर्ज आमच्या हातात दिला. त्यात ‘लीव्ह’ बरोबर लिहिले होते.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या घरात उर्दू बोलली जाते, शाळेत आणि बाजारात मराठी, मदरशात अरबीचे हरफ ओळखीचे होतात. पुष्कळांना हे मुलांवरचे ओझे वाटते. आम्हाला ती शिदोरी वाटते. अम्मीला इंग्रजी येत नसेल तरी हरकत नाही. दस्तरखानावर बसल्यावर मुलाने शिकलेला एक शब्द घ्यावा आणि विचारावे, “याला आपण काय म्हणतो? दादी काय म्हणते?” मूल चुकले तर दुरुस्त करावे, पण हसू नये. हसण्याने शब्द तर येत नाहीच, हातही खाली जातो. तो पुन्हा वर यायला किती दिवस लागतात, हे आम्ही पाहिले आहे.