भिगवणचे रोहित : फोटोतले धुके काढा, रंग खोटा करू नका

हिवाळ्यात भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर टिपलेले रोहित पक्षी फोटोत अनेकदा फिके, निळसर दिसतात. दोष कॅमेऱ्याचा नसतो. पक्षी दूर असतो, मध्ये हवेचा जाड थर असतो. त्यात विखुरलेला प्रकाश काळ्या भागांवरही चढतो आणि सगळे चित्र करडे होते.

आम्ही रॉ फाइल उघडून आधी व्हाइट बॅलन्स सुधारतो. त्यासाठी ड्रॉपर बगळ्याच्या पांढऱ्या पिसावर टेकवतो. मात्र ते पीस उन्हाने जळालेले नसावे. मग चोचीचे टोक काळे दिसेपर्यंत ब्लॅक्स खाली ओढतो. शेवटी थोडेसे डीहेज. त्याने रंग भडकतात, म्हणून सॅच्युरेशन किंचित उतरवतो.

इथेच संयम हवा. मोठा रोहित फिकट, त्याची चोच गुलाबी आणि टोक काळे. छोटा रोहित अधिक गडद, चोच काळपट लाल. लहान वयाचे पक्षी तर करडे-तपकिरी. गुलाबी रंग वाढवला की पाहणारा ओळख चुकतो आणि ती चूक पक्षीनोंदीत जाते. फोटो थोडा फिका राहिला तरी चालेल, पण तो खरा असावा.