शिंगांवरून नजर खाली आणा

१८८७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराजवळ भल्यामोठ्या शिंगांची एक जोडी सापडली. ओथ्नील मार्श या नामवंत जीवाश्मतज्ज्ञाने ती एका नामशेष बायसनची, म्हणजे रानगव्यासारख्या जनावराची ठरवली. चूक समजण्याजोगी होती. एवढ्या शिंगांचा डायनोसॉर तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. पुढे वायोमिंगमधून बरीचशी शाबूत कवटी हाती आली आणि १८८९ मध्ये मार्श यांनीच त्या डायनोसॉरला नाव दिलं ट्रायसेरॅटॉप्स, तीन शिंगांच्या तोंडाचा.

सुमारे ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत वावरणारा हा शाकाहारी प्राणी आठ-नऊ मीटर लांब होता. नुसती कवटीच अडीच मीटरपर्यंत भरे. नाकावर एक आखूड शिंग आणि डोळ्यांवर मीटरभराची दोन. आत हाड, वर केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचं कवच. बैलाच्या शिंगाची रचनाही अशीच असते, म्हणून तर शिंगं साळताना वरचा थर निघाला तरी बैलाला दुखत नाही. लहान पिलाच्या कपाळावर सरळ खुंट असत, वाढत्या वयात शिंगं मागे वळत आणि प्रौढपणी पुढे झुकत. शिंगांवरून वयाचा अंदाज बांधता येतो तो यामुळे.

ही शिंगं टी. रेक्स या शिकारी डायनोसॉरला भोसकण्यासाठीच होती, असं चित्रांतून आपल्या मनावर ठसलं आहे. ते अर्धंच खरं. टी. रेक्सने चावलेलं आणि नंतर भरून आलेलं एक शिंग सापडलं आहे, म्हणजे गाठ पडत होती आणि प्राणी त्यातून वाचतही होता. पण मानेवरच्या हाडाच्या झालरीवरच्या जखमा वेगळंच सांगतात. २००९ मध्ये अँड्र्यू फार्के आणि सहकाऱ्यांनी त्या तपासल्या. त्या जखमांची जागा आणि प्रमाण शिंगाला शिंग अडकवून झुंजणाऱ्या भाऊबंदांशी जुळतं. जातभाईंसमोर मिरवणं आणि त्यांच्याशी झुंजणं, हेच शिंगांचं मुख्य काम असावं असं मला वाटतं.

माझ्या मते खरी करामत मात्र तोंडात आहे. पुढे पोपटासारखी दंतहीन चोच. मागे जबड्याच्या प्रत्येक बाजूला दातांच्या ३६ ते ४० उभ्या चळती, एकेका चळतीत तीन ते पाच दात. एक झिजला की चळतीतला पुढचा त्याची जागा घेई. वरचे आणि खालचे दात एकमेकांना घासून अडकित्त्यासारखे चालत आणि चिवट पाला कातरत. २०१५ च्या एका संशोधनात या दातांत पाच प्रकारच्या ऊती आढळल्या. आजच्या बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दातांत दोनच असतात. या ऊती वेगवेगळ्या वेगाने झिजत, त्यामुळे दातावर खाच पडे आणि धार टिके.

संग्रहालयात ट्रायसेरॅटॉप्स भेटला तर शिंगांचा फोटो जरूर काढा. पण मग थोडं वाका आणि जबड्याच्या आत पाहा.